‘सावकारी पाश’ गेला, ‘संत तुकाराम’ राहिला
जुने चित्रपट हरवतात कसे, वाचतात कसे आणि घरी पाहावेत कसे

शेतकऱ्याच्या दुःखावर आपल्याकडे अगदी सुरुवातीच्या काळात निघालेला नावाजलेला चित्रपट कोणता, असे तुम्हाला कुणी विचारले तर? उत्तर आहे ‘सावकारी पाश’. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तो १९२५ साली काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो बिचारा गाव सोडून शहरात मजुरीला जातो. शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांतारामांनी केले होते. पडद्यावर देवादिकांच्या कथा गाजत होत्या, त्या दिवसांत आपल्या बांधावरचे दुःख असे पडद्यावर आले.

आज हा मूकपट पाहावा म्हटले तर पाहता येत नाही. त्याची प्रतच उरलेली नाही. पेंटरांनी १९३६ साली तीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली. पण मूळ चित्र गेले ते गेलेच.

आता दुसरी गोष्ट पाहा. त्याच १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. तो मात्र आज रात्री जेवणे झाल्यावर तुम्ही घरबसल्या पाहू शकता. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा आणि गौरीची फणकारणारी, पण मायेची आवली अजून तशीच बोलते, तशीच चालते. एक गेला, एक राहिला. यात दैवाचा भाग थोडा आणि माणसाच्या हाताचा भाग मोठा आहे.

कापूस, हाडे आणि चांदी

फिल्म कशाची बनते हे कळले, की ती का नासते हेही कळेल. जुन्या फिल्मची पारदर्शक पट्टी कापसाच्या तंतूंवर तीव्र आम्लाची प्रक्रिया करून बनवीत. तिच्यावरचा चिकट थर जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा. त्या थरात चांदीचे बारीक कण. म्हणजे सिनेमा हा शेवटी कापूस, गुरेढोरे आणि चांदी यांचाच खेळ! शेतातला माल जसा ओल, ऊब आणि बुरशीने खराब होतो, तशीच ही फिल्मही होते.

या पट्टीला नायट्रेट फिल्म म्हणतात. १९५०च्या सुमारापर्यंत तीच वापरात होती. ती भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटली की जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाणी ओतूनही विझत नाही. जुनी झाली की चिकट होते आणि अखेर तिची पूड होते. पुढे न पेटणारी ॲसिटेट फिल्म आली. पण उष्ण, दमट हवेत तीही आक्रसते आणि तिला आंबूस वास येऊ लागतो. तसा वास आला की समजावे, कीड लागली.

निसर्गाने नासवले त्यात माणसानेही भर घातली. चित्रपटगृहातून उतरलेल्या चित्राला किंमत नसे. बोलपट आल्यावर तर मूकपट कोण विचारतो! जुनी रिळे चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. कित्येक पट्ट्यांच्या बांगड्या झाल्या. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले; त्यांतले आज जेमतेम तीसएक उरले आहेत आणि त्यांतलेही बरेच तुकड्यातुकड्यांत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागलेला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ याचीही प्रत उरलेली नाही.

रिळे शोधणारा माणूस

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. त्याची घडी बसवली ती पी. के. नायर यांनी. माणूस मूळचा केरळचा, पण उभे आयुष्य पुण्यात गेले. कुठे एखादे रीळ असल्याची कुणकुण लागली की नायर निघालेच. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गोदामातून, कुणाच्या अडगळीतून त्यांनी हजारो चित्रपट गोळा केले. २०१६ साली ते वारले.

नाशिकला दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी फाळक्यांची रिळे मिळवली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती. त्यांतली पहिली आणि शेवटची एवढीच आज आहेत. तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा मात्र बराच भाग हाती लागला. फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे नायरांनी त्याचे तुकडे क्रमाने जुळवले. त्यात बाळकृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लहानगी लेक मंदाकिनी.

‘प्रभात’चे पाहा. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सारे बाबूराव पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेले. १९२९ साली त्यांनी कोल्हापुरात कंपनी काढली, १९३३ साली ती पुण्यास नेली. पुढे कंपनी बंद पडली, चित्रपट परक्या हाती गेले. विष्णुपंत दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी ते परत मिळवून जपले. म्हणून ‘संत तुकाराम’ राहिला. म्हणून १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ही राहिला. आज हाती असलेल्या भारतीय बोलपटांत तोच सर्वांत जुना मानतात.

जपूनही घात होतोच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली. ज्यांच्या प्रती आधी दुसऱ्या फिल्मवर उतरवून घेतल्या होत्या तेच तरले. सगळे बी एकाच कणगीत ठेवू नये, हे आपल्याला नवे नाही.

चित्र दुरुस्त होते कसे?

आधी रीळ हाताने उलगडून तपासतात. फाटलेल्या कडा आणि भोके चिकटवतात. पट्टी धुऊन पुसून घेतात. मग एकेका चौकटीचे यंत्राने छायाचित्र घेतात. बोलपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चौकटी झाल्या! त्यांवरचे ओरखडे, डाग, बुरशी संगणकावर काढायची आणि आवाजातली खरखर वेगळी करायची. निवडलेले धान्य पुन्हा पुन्हा निवडावे, तसले हे काम. महिनोन्‌महिने चालते.

याचे ताजे उदाहरण शेतकऱ्यांच्याच चित्रपटाचे आहे. श्याम बेनेगल यांचा १९७६ सालचा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला होता. स्मिता पाटील त्यात आहेत. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला आणि २०२४ साली फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवला. अवघ्या अठ्ठेचाळीस वर्षांचे चित्र, तरी त्यालाही डागडुजी लागली. मग शंभर वर्षांच्या चित्राची काय कथा! सरकारनेही २०२२ साली सुमारे २,२०० जुने चित्रपट दुरुस्त करण्याचे काम जाहीर केले.

घरी पाहायचे असेल तर

पूर्वी हे चित्रपट जत्रेतल्या तंबूत किंवा दूरदर्शनवर भेटत. नंतर व्हीसीडी आल्या. आता मुलाच्या हातातल्या मोबाइलवर नाव टाकले की ‘संत तुकाराम’, ‘अयोध्येचा राजा’, ‘कालिया मर्दन’ सापडतात. मोबाइल टीव्हीला जोडता आला तर घरातल्या सर्वांना एकत्र पाहता येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, चित्रपटाची लांबी पाहा. ‘संत तुकाराम’ दोन तासांहून मोठा आहे. दीड तासातच संपणारी प्रत मिळाली, तर कुणीतरी कात्री चालवली आहे असे समजावे आणि दुसरी शोधावी. दोन, मूकपट लावण्यापूर्वी मुलांना गोष्ट सांगा. ‘कालिया मर्दन’ पाऊण तासाच्या आसपास आहे. आजीने शेजारी बसून कथा सांगितली तर आवाजाची उणीव भासणार नाही.

आणि तुमच्या माळ्यावर?

गावोगाव तंबूतले सिनेमे फिरत, तेव्हा त्यांच्याबरोबर रिळांचे डबेही फिरत. तुमच्या घरी, वाड्यात किंवा ओळखीच्या जुन्या तंबूवाल्याकडे असा एखादा गंजका डबा असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. चुलीपासून, दिव्यापासून आणि उन्हापासून दूर, थंड व हवेशीर जागी ठेवा. जवळ काडी ओढू नका, बिडी पेटवू नका. कुतूहल म्हणून यंत्रावर चालवून पाहू नका; आक्रसलेली पट्टी पहिल्याच फेऱ्यात तुटते. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा, पुढचे ते पाहतील. जुन्या जाहिराती, गाण्यांची पुस्तके, छायाचित्रे यांनाही मोल आहे.

हाच न्याय घरच्या ठेव्याला लावा. लग्नाची, बारशाची व्हिडिओ कॅसेट कपाटात पडून असेल तर तिलाही बुरशी लागते. चालते आहे तोवर तिची नक्कल उतरवून घ्या. एक प्रत आपल्याकडे, एक लेकीच्या सासरी ठेवा. त्या पट्टीवर गेलेल्या माणसांचे बोलणे-चालणे आहे आणि ते पुन्हा चित्रित करता येणार नाही.

‘सावकारी पाश’चे एखादे रीळ कुठे तरी असेलच, अशी आशा धरून बसण्यात अर्थ नाही. पण डबा दिसला तर उघडून न टाकता, न विकता कळवायचे, एवढे तर आपल्या हाती आहे.