बाह्यरुग्ण विभागांतील परिचारिका

परिचारिका म्हटली कीं रुग्णशय्येपाशीं रात्र जागविणारी स्त्री डोळ्यांपुढें उभी राहते. १८६० सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या प्रयत्नानें लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हांपासून ह्या व्यवसायास शिक्षणाची बैठक लाभली. पण लोकांच्या मनांतील चित्र अद्यापि वॉर्डांतलेंच राहिलें आहे. वस्तुतः रुग्णालयांत येणाऱ्या बहुसंख्य लोकांस खाट लागत नाहीं. ते सकाळीं केसपेपर काढतात, डॉक्टरांस भेटतात आणि दुपारीं घरीं परततात. त्यांचा उपचार मुख्यतः घरींच व्हावयाचा असतो. वॉर्डांत राहून गेलेली गोष्ट पुढच्या पाळीची परिचारिका पुरी करूं शकते. येथें रुग्ण फाटकाबाहेर पडला कीं राहिलेलें राहूनच जातें. बाह्यरुग्ण विभागांतील कामाची खरी अवघड बाजू ही आहे.

तिचें पहिलें काम रांगेवर नजर ठेवण्याचें. आधीं येईल त्याचा नंबर आधीं, हा रांगेचा न्याय. आजार मात्र तो पाळीत नाहीं. छातींत कळ येऊन घामाघूम झालेला गृहस्थ भिडेनें मागेंच बसून राहतो आणि साध्या पडशाचा रुग्ण पुढें उभा असतो. धांप, ग्लानि, निळसर ओठ, मान टाकलेलें मूल, हीं चिन्हें ओळखून ती अशा रुग्णास पुढें काढते. मागचे लोक कुरकुरतात, क्वचित् वशिल्याचा आरोपहि करतात. तो तिला मुकाट्यानें सोसावा लागतो.

रक्तदाब मोजणें हें वरवर पाहतां केवळ यंत्राचें काम. पण जिना चढून आलेल्या, किंवा नुकताच चहा अगर तंबाखू घेतलेल्या माणसाचा दाब चढलेला दिसतो. म्हणून ती त्यास निदान ५ मिनिटें स्वस्थ बसविते, पाठीस टेका देते, पाय जमिनीवर टेकवावयास सांगते आणि दंड हृदयाच्या पातळींत ठेवून पट्टा बांधते. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. ह्याच आंकड्यांच्या आधारें कदाचित् जन्मभराची गोळी सुरू व्हावयाची असते.

कुत्रा चावलेला रुग्ण आला, तर ती प्रथम जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावयास लावते. जखमेंत हळद, चुना किंवा तिखट भरलें असेल तर तेंहि धुवून काढविते. नंतर लस. दंडांत द्यावयाच्या प्रचलित क्रमांत पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून ३, ७, १४ व २८ ह्या दिवशीं पुढील मात्रा येतात. जखम भरली म्हणून मध्येंच येणें सोडणारे रुग्ण थोडे नसतात. आणि पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं कीं मृत्यु बहुधा अटळच. म्हणून कार्डावर तारखा लिहून देणें, त्या वाचून दाखविणें आणि न आलेल्यास निरोप धाडणें, ह्या किरकोळ वाटणाऱ्या कृतींवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

शेवटचें काम समजावून देण्याचें. “समजलें ना?” असें विचारलें तर रुग्ण संकोचानें “हो” म्हणतोच. अनुभवी परिचारिका म्हणते, “आजी, ही गोळी कधीं घ्यायची, तें मला सांगा पाहूं.” मग जेवणापूर्वींची गोळी जेवणानंतरची झालेली आढळते, किंवा इन्शुलिन फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवलें जात असल्याचें उघडकीस येतें. गोठलेलें इन्शुलिन वापरण्यास अयोग्य ठरतें, हें घरांत कोणास ठाऊक नसतें.

ह्या कामीं कुटुंबांनाहि साह्य करतां येईल. जुने केसपेपर व चालू औषधांचीं वेष्टनें बरोबर न्यावीं. पूर्वीं एखादें औषध बाधलें असल्यास तें न विचारतां सांगावें. न कळलेलें पुन्हां विचारण्यास लाजूं नये. आणि रांगेंतून कोणास पुढें नेलें, तर रागावण्यापूर्वीं त्याच्या चेहऱ्याकडे एकवार पाहावें.