सुरतच्या साडीतलं विज्ञान

१८९६ साली मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. ते चाफेकर बंधू होते, हे पुढे उघड झालं. दगडात मुरलेले डाग काही केल्या निघेनात. अखेर ते काढले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञानं. जन्म १८६३, गाव सुरत.

याच गज्जरांनी १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या पाठबळावर बडोद्यात कलाभवन उभं केलं. रंगाई आणि यंत्रकाम तिथे मातृभाषेतून शिकवलं जाई. धंद्यातलं रसायन आणि वर्गातलं रसायन यांच्यात भिंत नको, हा त्यामागचा आग्रह. त्या आग्रहाची आज सर्वांत जास्त गरज गज्जरांच्याच गावात आहे.

सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत रेल्वेच्या तापी लाइननं जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबं राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. या मुलांपैकी कितीतरी जणांचे वडील लूमच्या खात्यात किंवा डाइंग मिलमध्ये कामाला असतात, आई साड्यांना टिकल्या-खडे लावायचं काम घरी आणते. शाळेत प्रयोगशाळा नसली तरी विज्ञानाचं साहित्य नाही, असं सुरतेत तरी म्हणता येणार नाही.

कापडाची साधी कतरण घ्या. सुती, रेशमी आणि पॉलिएस्टर साडीचा एकेक धागा चिमट्यात धरून शिक्षकांनी पणतीच्या ज्योतीजवळ न्यावा. शेजारी पाण्याची वाटी हवीच. सुती धागा भुरकन जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास, कारण केसांसारखंच तेही प्रथिन. पॉलिएस्टर मात्र ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी बनतं. वास, धूर, राख यांची नोंद मुलांनीच करायची. मग विचारायचं, स्टोव्हजवळ यांतलं कोणतं कापड नको? वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं, हे त्या मण्यावरून मुलं आपणच सांगतात.

त्याच कतरणींवर पाण्याचा थेंब टाकला की पुढचा धडा सुरू होतो. कापूस हवेतूनच आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग ज्या कापडात पाणी शिरत नाही, त्यात रंग कसा शिरतो? मिलमध्ये हा रंग १३० अंशांच्या आसपास चढवतात. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळतं, म्हणून यंत्र बंद आणि आत दाब, घरच्या कुकरसारखंच. ज्याचे वडील रंगाईच्या जेट मशीनवर उभे असतात, तो मुलगा इथे वर्गाला शिकवू शकतो.

जरीचंही तसंच. चांदीची तार साच्यांतून ओढत केसाहून बारीक करायची, चपटी करून धाग्यावर गुंडाळायची आणि विजेच्या मदतीनं वर सोन्याचा मुलामा चढवायचा. विद्युत विलेपन शिकवताना ‘सुरत जरी’चं नाव निघायलाच हवं. हिऱ्याचंही तेच. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ दिलेला आहे. तो पाठ करून गुण मिळतील. पण काचेत साधारण ४२ अंशांपलीकडे होणारं पूर्ण आंतरिक परावर्तन हिऱ्यात २४ अंशांपलीकडेच सुरू होतं आणि पैलूंचे कोन त्याच हिशेबानं घासतात, हे समजलं तर वराछ्याच्या हिरे कारखान्यांतलं काम वेगळंच दिसेल.

ही वाट नवी नाही. मुंबईत शिकलेल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत राबल्या आणि पुढे त्यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत आसपासच्या वस्तूंतूनच शिक्षण उभं केलं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये तिथे गेलेल्या अरविंद गुप्तांना बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. तिला आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते काम बहरलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही विनामूल्य मिळतात.

सिटीलाइटला २००९ पासून महापालिकेचं विज्ञान केंद्र आहे, तारांगणही आहे. तिथली सहल जरूर काढावी. पण वर्षातून एकदाची सहल रोजच्या तासाची जागा घेऊ शकत नाही, आणि होशंगाबादचा उपक्रम २००२ मध्ये सरकारी आदेशानं बंद झाला, हेही विसरू नये. चांगलं काम वरच्या हुकमावर अवलंबून ठेवलं की असं होतं. सुरतेतल्या मराठी शिक्षकांनी म्हणूनच कतरण, जरी आणि हिऱ्याच्या प्रयोगांची एक छोटी मराठी पुस्तिका स्वतःच तयार करावी. दिवाळीनंतर लाभपंचमीला कापड मार्केट उघडेल, तेव्हा एखाद्या दुकानातून कतरणींची पिशवी मागून आणावी आणि सुट्टीनंतरचा विज्ञानाचा पहिला तास तिच्यावरच घ्यावा.