मलाकाल: एका नर्सिंग असिस्टंटचा पावसाळी दिवस

पहाटे 5. बुलढाण्याला आता साडेआठ झालेत, मुलगी शाळेच्या रिक्षात बसली असेल. इथे मलाकालला अजून अंधार आहे. दक्षिण सुदानातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय बटालियन आहे, तिच्या एमआय रूमवर, म्हणजे दवाखान्यात, मी नर्सिंग असिस्टंट. शिक्षण लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरचं.

दिवसाचं पहिलं काम पाण्याचं. पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते ठरवणारी हॉरॉक्सची पेटी उघडायची: सहा पांढरे कप, एक काळा. काळ्या कपात चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचं. पांढऱ्या कपांत टाकीतलं पाणी घेऊन त्यांत हे द्रावण सोडायचं. पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या क्रमांकाच्या कपात निळा रंग पहिल्यांदा स्पष्ट दिसेल, तितके चमचे पावडर 455 लिटरला. पावसाने नदी गढूळ झाली की निळा रंग एखादा कप पुढे सरकतो, म्हणून कालचा आकडा आज चालत नाही. हा अर्धा तास मी कोणालाही कमी करू देत नाही.

7 वाजता लंगरच्या, म्हणजे जेवणघराच्या, दाराशी डॉक्सिसायक्लिन, मलेरिया टाळणारी गोळी. गोळी हातात ठेवून पुढे जायचं नाही. माझ्यासमोर, नाश्त्याबरोबर, पेलाभर पाण्याने गिळायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. जवान कंटाळतात. कंटाळू देत. इथला मलेरिया फॅल्सिपेरमचा आहे, मेंदूपर्यंत जातो.

8 वाजता सिक रिपोर्ट, आजाऱ्यांची रांग. दिवसभर ओल्या बुटांत राहून पांढरे पडलेले, बोटांच्या बेचक्यांत चिरलेले पाय. मानेवर भाजल्यासारखे चट्टे: नैरोबी माशी अंगावर चिरडली की तिच्या रसाने उठतात, म्हणून सांगतो, फुंकून उडवा, चापट मारू नका. रांगेत शेवटी कराडकडचा एक पोरगा. "उस्ताद, नुसतं डोकं दुखतंय, गोळी द्या, गस्तीला जायचंय." हात लावला तर अंग तापलेलं. बोटाला सुई, रक्ताचा थेंब मलेरियाच्या पट्टीवर, घड्याळाकडे नजर. वीसेक मिनिटांत दुसरी रेघ उमटली. आमच्या डॉक्टर कॅप्टन साहेबांनी उपचार सुरू केले आणि गस्तीतून त्याचं नाव गेलं. पोरगा रुसला. त्याचं रुसणं मला समजतं, पण रेघ बघितल्यावर चर्चा नसते.

11 वाजता गस्त निघते. त्याआधी प्रत्येकाचा टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, कुठे आहे ते हाताने चाचपतो. एका हाताने सुटेल अशा जागीच हवा. बॅगेच्या तळाशी गेलेला टूर्निके नसल्यात जमा. शांतिसेनेचा हिशेब 10-1-2 असा आहे: 10 मिनिटांत रक्तस्राव थांबवणारे प्रथमोपचार, 1 तासात पुढचे जीवरक्षक उपचार, 2 तासांत शस्त्रक्रिया. मलाकालला भारताचंच लेव्हल-2 रुग्णालय आहे, सर्जन आहेत, ऑपरेशन थिएटर आहे. पण पावसात इथली काळी माती आमच्या कपाशीच्या रानासारखीच चिकटते, चाकं रुतून बसतात, आणि ढग खाली आले की हेलिकॉप्टरचाही भरवसा नसतो. म्हणून पहिली 10 मिनिटं माझी नसतातच, जखमीच्या शेजारच्या सोबत्याची असतात. त्यालाच पट्टा आवळायला आणि आवळल्याची वेळ लिहायला पुन्हा पुन्हा शिकवतो.

दुपार औषधांच्या नोंदींत आणि फ्रिजचं तापमान बघण्यात जाते. मलाकालमध्ये भारतीय पशुवैद्यकांचं पथकही काम करतं, तिथे लोक गाढवं, शेळ्या, गुरं घेऊन येतात. या मुलखात गुरं हीच घरादाराची पुंजी आहे, त्यामुळे आपल्या देशाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

साडेपाचला घरी फोन. तिकडे नऊ वाजलेले असतात. आई रोज विचारते, जेवलास का. मी रोज हो म्हणतो.

अंधार पडला की बाह्या खाली, अंगाला मच्छर मलम. रात्री 10 वाजता टॉर्च घेऊन बराकीतून फेरी. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली आहे का, कुठे फाटलीय का, एवढंच बघतो. फाटली असेल तर तिथेच दोरा घालतो. कराडच्या पोराचा ताप पुन्हा मोजतो. दिवसभरात कोणी नवीन आजारी पडलं नसेल, तर काम झालं असं समजायचं.

इथल्या जवानांच्या घरच्यांना माझं एक सांगणं आहे. तुमचा माणूस इथून परत आला की डॉक्सिसायक्लिनची गोळी पुढचे चार आठवडे चालू ठेवायची असते. "आता घरी आलो" म्हणून तो बंद करू बघेल, करू देऊ नका. आणि त्यानंतरही काही महिन्यांत ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हा आफ्रिकेतून आलाय, आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.