अनोळखी जागा आणि मेंदू

अनोळखी गावात प्रथम वाटा चुकतात. पुढे त्याच पायाखालच्या होतात. या काळात मेंदूत काय घडते? १९७१ मध्ये लंडन येथे जॉन ओकीफ व जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा अभ्यास केला. तेथील काही चेतापेशी प्राणी विशिष्ट ठिकाणी आल्यावरच विशेष सक्रिय होतात, असे त्यांना आढळले. या पेशींना ‘स्थानपेशी’ म्हणतात. नव्या जागेत त्यांची ठिकाणे आरंभी अस्थिर असतात. प्राणी हिंडू लागला, की काही मिनिटांत ती निश्चित होऊ लागतात. नंतरच्या झोपेत त्याच पेशी पुन्हा एकत्र सक्रिय होतात.

अल्झायमर आजारात हिप्पोकॅम्पस लवकर बाधित होतो, हे आपण लक्षात घ्यावे. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणाऱ्या रुग्णास निष्काळजी ठरवणे म्हणूनच अनुचित होय.