काचतंतूच्या तोंडावरची धूळ

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंगचे रोबो, त्यांचे नियंत्रक आणि भांडाराचे संगणक एकाच नेटवर्कने जोडलेले असतात. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटरची. शिवाय वेल्डिंग व मोठ्या मोटारींमुळे होणाऱ्या विद्युतचुंबकीय गोंगाटाचा तिला उपद्रव होतो. म्हणून एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना ऑप्टिकल फायबर वापरतात. प्रकाशाला या गोंगाटाची बाधा नाही. त्याचा शत्रू वेगळाच आहे, आणि तो कारखान्यात मुबलक सापडतो. तो म्हणजे धूळ.

सिंगलमोड फायबरमध्ये प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतो. कनेक्टर जोडला की दोन तंतूंची टोके एकमेकांना टेकतात. मध्ये ग्राइंडिंगचा एखादा कण अडकला, तर प्रकाश विखुरतो, काही मागे परततो. आणि दाबामुळे काचेवर चरा पडला, तर तो पुसून जात नाही. तेलकट बोटाचा ठसाही असाच घातक ठरतो.

म्हणूनच नियम असा, की आधी तपासावे, मग पुसावे, पुन्हा तपासावे आणि नंतरच जोडावे. तपासणीसाठी फायबरचा खास सूक्ष्मदर्शक लागतो. टोकावर कोठे किती डाग वा चरे चालतील, हे आयईसी ६१३००-३-३५ या मानकात दिलेले आहे. पुसण्यासाठी धागे न सुटणारे कापड किंवा खास क्लीनर वापरावा. सदऱ्याची बाही वा तोंडाची फुंकर नव्हे. टोपण काढलेला नवा कनेक्टरही स्वच्छ असेलच असे नाही. हिरवा, तिरक्या टोकाचा कनेक्टर निळ्याला जोडू नये. फायबरच्या तोंडात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातील अवरक्त प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

स्वच्छतेनंतर येते मोजमाप. समजा, दोन शेडमध्ये ५०० मीटर सिंगलमोड केबल टाकली. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.४ डेसिबल घट धरली, तर केबलची घट ०.२ होते. दोन्ही टोकांच्या कनेक्टरना प्रत्येकी ०.७५ प्रमाणे १.५ डेसिबल मुभा मिळते. एकूण मर्यादा झाली १.७. मापकाने ३ डेसिबल दाखवले, तर निम्मा प्रकाश वाटेतच हरवला, असा त्याचा अर्थ.

येथेच बहुतेकांची फसगत होते. स्विचवरचा हिरवा दिवा लागला, की काम झाले असे समजून ठेकेदाराचे बिल मंजूर होते. वस्तुतः दिवा ३ डेसिबललाही लागू शकतो. पुढे केबलला बाक पडला, धूळ वाढली किंवा यंत्रणेचा वेग वाढवला, की तीच जोडणी अधूनमधून तुटू लागते. मग रात्रपाळीचा तंत्रज्ञ रोबोत दोष शोधत बसतो आणि उत्पादन थांबते ते वेगळेच.

यासाठी कामाच्या आदेशातच अट असावी: प्रत्येक तंतूचे घटमापन आयएसओ-आयईसी १४७६३-३ नुसार व्हावे आणि टोकांच्या छायाचित्रांसह अहवाल मिळावा. पुढे बिघाड झाला, तर तुलना करायला हाच कागद उपयोगी पडतो. म्हणून तो हाती येईपर्यंत बिलावर सही करू नये.