मुक्या संगणकाला वाचा

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघाले की चिकलठाणा मागे पडते, शेंद्र्याची एमआयडीसी लागते आणि थोडे पुढे करमाड. या पट्ट्यात कारखाने आले, मोटारी तयार होऊ लागल्या, आणि आपल्या वस्त्यांतली मुले-मुली कंत्राटी कामावर शिफ्टला जाऊ लागली. दिवसभर ती यंत्रासमोर उभी असतात. पण यंत्राच्या पोटात काय चालते, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. हाताला काम द्यायचे आणि डोळ्यांपासून अक्षर लांब ठेवायचे, हा जातिव्यवस्थेचा जुनाच डाव आहे. तो मोडायचा तर पुस्तक आणि हत्यार एकाच हातात यायला हवे.

म्हणून तरुण मित्रांनो, आज कुटुंबाच्या पानावर एक वेगळा विषय घेतला आहे. भंगारात निघालेल्या जुन्या संगणकासाठी घरच्या घरी साउंड कार्ड बांधणे!

आवाज कुठे राहतो?

संयुत्तनिकायात वीणेचा एक दृष्टान्त आहे. एका राजाने आयुष्यात पहिल्यांदा वीणेचा आवाज ऐकला आणि तो मोहून गेला. ‘तो आवाज मला आणून द्या,’ असे त्याने फर्मावले. लोकांनी वीणा आणली. राजा म्हणाला, वीणा नको, आवाज हवा. त्याने वीणेचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, ते जाळून राख केली, पण आवाज सापडला नाही. कारण आवाज लाकडात नव्हता, तारेत नव्हता आणि एकट्या वाजवणाऱ्याच्या बोटांतही नव्हता. हे सारे एकत्र आले तेव्हा तो निर्माण झाला. अनेक कारणांच्या मेळातून कार्य उपजते, हीच तथागतांची शिकवण आहे.

संगणकाचेही असेच आहे. त्याच्या पोटात फक्त आकडे असतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवली, तर तेच आकडे पुन्हा विजेच्या दाबात बदलून स्पीकरला देता येतात. साउंड कार्डाचे मुख्य काम एवढेच आहे. त्यात जादू नाही.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला तेव्हा त्यात एक लहानसा स्पीकर होता. त्याला चालू आणि बंद एवढेच ठाऊक, त्यामुळे तो ‘टूं’ करण्यापलीकडे फारसे काही बोलत नसे. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कोव्हॉक्स कंपनीने ‘स्पीच थिंग’ नावाची वस्तू काढली. ती संगणकाच्या आत बसत नसे, तर मागच्या बाजूला प्रिंटरच्या जागी लावत. तिच्यात मुख्यतः थोडे रेझिस्टरच होते. रचना इतकी सोपी की पूर्व युरोपात, जिथे परदेशी कार्डे परवडत नव्हती, तिथे पोरांनी ती घरोघरी बांधली.

याच काळात सिंगापूरच्या सिम वाँग हू यांचे नाव पुढे आले. लहान गावठाणात, मोठ्या कुटुंबात वाढलेला हा मुलगा. शिक्षण तंत्रनिकेतनाच्या पदविकेपर्यंतचे. १९८१ साली त्यांनी मित्राबरोबर क्रिएटिव्ह ही कंपनी काढली आणि १९८९ साली त्यांचे ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड जगभर गेले. २०२३ साली ते वारले. जगातल्या कोट्यवधी संगणकांना आवाज देणाऱ्या माणसाकडे विद्यापीठाची मोठी पदवी नव्हती, हे आयटीआय आणि डिप्लोमाच्या आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

पंचवीस रेझिस्टरची शिडी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुन्या संगणकाच्या मागे पंचवीस भोकांचा प्रिंटर पोर्ट असतो. जिथे भोकांऐवजी पिना दिसतील तो पोर्ट वेगळा, तो घेऊ नये. प्रिंटर पोर्टातल्या २ ते ९ क्रमांकाच्या आठ जागांवर संगणक एकाच वेळी आठ बिट बाहेर पाठवतो. १८ ते २५ या जागा ग्राउंडच्या. आठ बिट म्हणजे ० ते २५५ असे २५६ आकडे, म्हणजेच विजेच्या दाबाच्या २५६ पायऱ्या.

साहित्य असे: पंचवीस पिनांचा डी-कनेक्टर, १० किलोओहमचे पंचवीस रेझिस्टर, १०० किलोओहमचा एक व्हॉल्यूम पॉट, २.२ नॅनोफॅरडचा एक आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, थोडी वायर आणि भोकांची सर्किट पट्टी. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे घ्यावेत. त्यांच्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, काळा, लाल आणि शेवटी तपकिरी असे असतात. अशा रेझिस्टरला फार पैसे पडत नाहीत.

पट्टीवर एका ओळीत आठ जोड करा. शेजारशेजारच्या दोन जोडांमध्ये एकेक रेझिस्टर लावा. हे झाले सात. प्रत्येक जोडापासून त्याच्या पिनेपर्यंत दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. हे झाले सोळा. पहिला जोड २ क्रमांकाच्या पिनेचा, शेवटचा ९ क्रमांकाच्या. पहिल्या जोडापासून ग्राउंडपर्यंत आणखी दोन. एकूण पंचवीस. शेवटच्या जोडावर आवाज मिळतो. तिथून ग्राउंडला २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की कर्कश खरखर कमी होते. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक शिडीकडे ठेवून, मध्ये घालायचा आणि मग पॉट. पॉटपासूनची वायर जुन्या टेपरेकॉर्डरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला द्यायची. सुरुवातीला पॉट अगदी कमीवर ठेवावा. इअरफोन थेट लावून उपयोग नाही, या शिडीला तेवढी ताकद नसते.

ही शिडी करते काय? एकेक पायरी उतरताना विजेचा दाब निम्मा होतो. म्हणून ९ क्रमांकाच्या पिनेचे वजन १२८, त्याखालच्या पिनेचे ६४, मग ३२, असे करत २ क्रमांकाच्या पिनेचे १. सगळ्यांची बेरीज २५५. सर्वांत लहान पिनेलाही तिचे वजन आहे. ती काढली तर आवाज खडबडीत होतो.

ऐकले म्हणून मानू नका, तपासा

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले की परंपरेने आले किंवा कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. इथेही तेच करा. एकसारखे रेझिस्टर मल्टिमीटरने निवडून घ्या. १२८ वजनाच्या पिनेत एक टक्का चूक झाली तरी ती एका पायरीपेक्षा मोठी ठरते.

संगणक डॉसवर सुरू करा. विंडोज एक्सपी आणि त्यानंतरच्या प्रणाली कार्यक्रमाला थेट पोर्टावर लिहू देत नाहीत. यूएसबीची प्रिंटर-वायरही इथे चालत नाही. डॉसच्या क्यूबेसिकमध्ये ‘आउट ८८८, ०’ अशी आज्ञा इंग्रजीत द्या आणि शेवटच्या जोडावरचा दाब मोजा. तो शून्याजवळ हवा. बहुतेक संगणकांत ८८८ हा या पोर्टाचा पत्ता असतो. मग २५५ पाठवा, दाब सर्वाधिक होईल. १२८ पाठवा, जवळपास निम्मा होईल. हे जमले की ० ते २५५ आकडे पुन्हा पुन्हा पाठवणारा छोटा कार्यक्रम लिहा. स्पीकरमधून सूर निघेल! यंत्र जितके वेगवान, तितका सूर उंच.

पुढची पायरी घरच्यांसाठी. आजीच्या तोंडचे भीमगीत मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या मोफत कार्यक्रमात ते आठ बिटी, एकेरी आवाजाचे करून जुन्या संगणकावर न्या. सेकंदाला ११,०२५ आकडे धरले तर १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत सव्वादोन मिनिटांच्या आसपास आवाज मावतो. आजीचा आवाज आपणच जोडलेल्या शिडीवरून ऐकताना घरातल्या शाळकरी मुलीला जे कळेल, ते नुसत्या पुस्तकातून कळणार नाही.

आई-वडिलांसाठी काही सूचना

शिडी लावताना-काढताना संगणक बंद असावा. पिना एकमेकींना चिकटल्या तर पोर्ट जळू शकतो. संगणकाचा पॉवर सप्लाय आणि जुना काचेचा मॉनिटर मुळीच उघडू नये, बंद असतानाही त्यात धोकादायक वीज साठलेली असते. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवावी, मोठे माणूस जवळ असावे, आणि सोल्डरमध्ये शिसे असू शकते म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत.

बाबासाहेबांची मागणी

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणावर समाधान मानले नाही. आपल्या मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. पुढे त्यांनीच मिलिंद महाविद्यालय उभे करून मराठवाड्याच्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले. त्या दारापासून करमाड काही लांब नाही.

पंचवीस रेझिस्टरने कुणाला नोकरी लागणार नाही, हे खरे. पण ज्या मुलाने एकदा आकड्यातून आवाज काढला, तो पुढे कोणत्याही बंद पेटीसमोर दबून उभा राहणार नाही. आत काय आहे, असे तो विचारील. विहारात दर रविवारी मुले जमतात. तिथे एक भंगारातला संगणक, एक मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंग आयर्न आणून ठेवायला वर्गणी कितीशी लागते? वंदनेनंतरचा एक तास या कामाला द्यावा आणि मुलांबरोबर मुलींनाही हत्यार हाती द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!