उरलेले नऊजण

आमच्या काशीत चहा मातीच्या पुरव्यात मिळतो. बाहेरचे लोक त्याला कुल्हड म्हणतात. चहा संपला की पुरवा टाकून द्यायचा, पुन्हा कुणाच्या ओठाला लागायचा नाही. पाहुण्यांना त्याचं भारी अप्रूप असतं, फोटो काढून नेतात. आमचं घर दुर्गाघाटाजवळ, कोकणातून येऊन पाच पिढ्या झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी बोली. मी बँकेत नोकरी केली आणि रविवारी मैदानावर पोरांचं स्कोअरबुक लिहिलं. अशा माणसाला पुरव्याचं कौतुक असायला हवं. मला नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पुण्यातलं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. बाळू पालवणकर नावाचा चर्मकार समाजातला तरुण गोऱ्यांच्या क्लबाच्या मैदानावर महिना चार रुपयांवर कामाला होता. पिच झाडायचं, रोलर फिरवायचा आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. डावखुरा फिरकी गोलंदाज. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्याला आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. मैदानात त्याने घासलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून पीत आणि बाळूला बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं ताटही वेगळं.

बाळूने यावर संघ सोडला नाही. तो विकेट घेत राहिला. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे त्याने 114 बळी घेतले. त्याच्यामागून शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही हिंदू संघात आले. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ उतरत. बाळूला हिंदूंचा कर्णधार करा, अशी मागणी वर्षानुवर्षं होत राहिली आणि निवड समिती वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाला तरी निवडत राहिली.

मग 1920 साल आलं. देशात असहकाराचं वारं सुटलं होतं. त्या वर्षी बाळूला संघातूनच वगळलं. कर्णधार एम. डी. पै मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्याला खेळू शकणार नव्हते, तेव्हा कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना मिळालं. देवधर मोठे फलंदाज होते, पुढे तर त्यांचं नाव घरोघर झालं. पण तेव्हा विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होता आणि धावांच्या हिशेबातही कमी नव्हता. त्याला का डावललं, हे सगळ्यांना कळत होतं. शिवराम आणि विठ्ठल या दोघांनी संघातून नाव काढून घेतलं आणि नुसते घरी न बसता जाहीर निवेदन देऊन कारण सांगितलं: आम्हाला जातीवरून डावललं जातंय.

सामना त्यांच्याशिवाय झाला आणि हिंदू संघ अंतिम फेरीत पोहोचलाही. म्हणजे मैदानावर त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या वेळी पै परतले, बाळू उपकर्णधार म्हणून संघात आला आणि दोघे भाऊही खेळले. सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले, ते बाळूला संघ चालवता यावा म्हणून. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. युरोपियनांना हरवल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं.

अन्यायाविरुद्ध खेळाडूने खेळायला नकार द्यावा का, हा प्रश्न निघाला की लोक दूरची, वंशवादाची उदाहरणं काढतात. मला हे दोन भाऊ आठवतात. वंश आणि जात वेगळ्या गोष्टी आहेत, असं कुणी लगेच सांगतं. 2001 साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथे मांडला आणि भारत सरकारने नेमकी हीच हरकत घेतली. त्या वादात मी पडत नाही. पण ज्याच्या हातात वेगळं भांडं दिलं जातं, त्याला दोन्हींतला फरक कितीसा जाणवत असेल? ‘खेळात राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्यांनाही मी एवढंच विचारतो की ते वेगळं भांडं मैदानावर कुणी आणलं होतं?

तरी पालवणकरांचं उदाहरण देऊन ‘बघा, नकार द्यावाच’ म्हणणं मला जमत नाही. तिथे येतं माझं दुसरं कारण.

साल 1998. सीर गोवर्धनपूरकडून एक मुलगा आमच्याकडे खेळायला येई. सीर म्हणजे संत रविदासांचं जन्मगाव. आपल्याकडे त्यांना रोहिदास म्हणतात आणि महाराष्ट्रातला चर्मकार समाज त्यांनाच पूजतो. हा मुलगाही बाळूसारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज. त्या रविवारी आम्ही दुसऱ्यांच्या मैदानावर खेळत होतो. आमची गोलंदाजी आधी होती, त्याने चार बळी घेतले. मधल्या वेळेत चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या ग्लासात आणि त्याला पुरव्यात. ग्लास कमी पडले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. ट्रेमध्ये दोन ग्लास शिल्लक होते. त्याने पुरवा भरलेला तसाच खाली ठेवला, किटची पिशवी उचलली आणि सायकलवर बसून गेला.

आम्ही पाच गडी राखून जिंकलो. त्याची फलंदाजी आलीच नाही. मी त्याच्या नावापुढे ‘फलंदाजी केली नाही’ असं लिहिलं, जसं बाकी तिघांच्या नावापुढे लिहिलं. त्या वहीवरून कुणालाही कळणार नाही की त्या दिवशी एकाने खेळायला नकार दिला होता. तो पुन्हा आला नाही. मीही सीरला जाऊन त्याला शोधलं नाही. सायकलने जाता येईल एवढाच रस्ता.

शिवराम-विठ्ठलांच्या पाठीशी कित्येक वर्षांचा खेळ होता, वर्तमानपत्रं होती, बदलतं वातावरण होतं. मोठ्या भावाने वेगळ्या ताटात जेवून कमावलेली पत होती. या पोराच्या पाठीशी एक सायकल होती. नकार ऐकू जायला आधी नाव लागतं आणि ज्याला सगळ्यांत जास्त सोसावं लागतं त्याच्याकडे तेच नसतं. म्हणून ‘त्याने खेळावं की नाही’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. ज्यांचा अपमान झालेला नाही, त्यांनी काय करावं?

1974 मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोहोचला. त्याआधी पुण्यात सोव्हिएत संघाला हरवलं होतं. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. भारत खेळला नाही आणि चषक न खेळता त्यांच्याकडे गेला. अमृतराज बंधूंच्या पिढीची ती सुवर्णसंधी होती, पण तो नकार एकट्या खेळाडूवर पडला नाही, देशाने पेलला. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेत जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा मिलवॉकी बक्स हा बास्केटबॉल संघ सामन्याला उतरलाच नाही. अख्खा संघ.

आणि जानेवारी 2021, सिडनी. प्रेक्षकांनी भारतीय गोलंदाज सिराजला वांशिक शिव्या दिल्या. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता आणि आपला मुंबईकर कर्णधार अजिंक्य रहाणे म्हणाला, आमची चूक नाही, आम्ही का जायचं? हे सिराजनेच पुढे सांगितलं. काही मिनिटं खेळ थांबला, पोलिसांनी काही प्रेक्षकांना बाहेर काढलं आणि मग खेळ सुरू झाला. ज्यांना रहाणेने खेळायला नको होतं, असं वाटतं, त्यांच्याशी मी भांडतो. सिराज त्या वेळी एकटा नव्हता. सगळे त्याच्याभोवती उभे होते. गेले असते तर अकराजण गेले असते आणि राहिले तेही अकराजण.

आता गंजारीला आमच्या बनारसचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम होतंय. पायाभरणीला, 2023 मध्ये, सचिन तेंडुलकर आला होता. दिव्यांचे खांब त्रिशूळाच्या आकाराचे. पोरं त्याच्याच गप्पा मारतात. गेल्या हिवाळ्यात सरावानंतर चहा पिताना मी त्यांना पालवणकर बंधूंची गोष्ट सांगितली. विठ्ठलला खांद्यावर घेतलं, तिथे टाळ्या पडल्या. एक बारका यष्टिरक्षक मात्र गप्प होता. त्याने विचारलं, “चाचा, जब दुइ भाई ना खेललन, त बाकी नौ लोग का कइलन?”

उरलेल्या नऊजणांनी काय केलं?

“खेललन,” मी म्हटलं.